चोथ्याचा चहा

गाळणीतला चोथा कुंडीत टाकणार, तोच नातीचा इतिहासाचा धडा कानावर आला. अमेरिकेतल्या वसाहतींना न विचारता इंग्रजांनी चहावर कर बसवला, तर तिथल्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या!

आणि आम्ही? पुरुषांचा चहा झाला की त्याच चोथ्यात पाणी उकळून बायकांनी प्यायचं, हा नियम आम्हाला विचारून केला होता? मी शहाणी तो पिऊन वर म्हणायची, "छान झालाय हो!"

एकदा धाकटी जाऊ म्हणाली, "जाऊबाई, उद्या चोथा मोरीतच ओतू या!"

मीच दटावलं, "गप गं, मामंजी ऐकतील."

तिकडे तेरा वसाहती एक झाल्या. इकडे एका ओट्याशी दोन जावा एक होईनात! नुसता संताप होतो.

धाकटीला फोन लावला. "ये गं चहाला. पहिला आपला. चोथा ह्यांच्यासाठी ठेवलाय."