पाच ते पावणेसहा

रविवार, बारा तारीख. हजर: गावाहून आठ दिवसांसाठी आलेले आई-बाबा, माझी सहा वर्षांची सई आणि मी.

सईचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावते. या आठवड्यात त्यात एक ओळ वाढवली होती: पाच ते पावणेसहा, आजी-आजोबा. सगळं नीट बसलं म्हणून मला बरंही वाटलं होतं.

आज बाबा सईच्या खोलीबाहेर उभे दिसले. हातात आईनं नातीसाठी आणलेली सागरगोट्यांची पिशवी.

"बाबा, आत जा ना."

"पाचला दहा कमी आहेत गं. तिची चित्रकला चाललीय."

आतून सई ओरडली, "आजोबा, अजून तुमची वेळ नाही झाली!"

"नाही गं बाई, मी बाहेरच आहे," म्हणत बाबा हसले.

मला त्यांच्याकडे बघवेना. ऑफिसातून दमून आलेल्या याच माणसाच्या पाठीवर, त्यांनी चपला काढायच्या आत, मी चढायचे. तेव्हा मला कुणी वेळ सांगितली नव्हती.

उद्या सकाळी त्यांची गाडी आहे. कामांच्या यादीत सर्वात वर लिहिलंय: फ्रिजवरचा कागद काढणे. बाबांच्या देखत तो काढायला हात होत नाही. कागद अजून तिथंच आहे.