एकट्यांची रांग

आमच्या आयेला, म्हणजे आईला, आकाशपाळण्यात बसायचं होतं. एवढंच. सोनं नको, साडी नको, काशी नको. कुणकेश्वरच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या जत्रेत दर वर्षी पाळणा लागतो, आये रांगेत उभी राहते, आणि तिचा नंबर यायच्या आत पालखीचा ढोल वाजतो. पालखी निघाली की पाळणा बंद. आये ओटी भरायला देवळात पळते, तिथून घरी, पाव्हण्यांना वाढायला. संपली जत्रा.

मी हायस्कुलात गणित शिकवते आणि डोकं जरा तापट आहे. गेल्या वर्षी ठरवलं, आज आयेला बसवल्याशिवाय घरी जायचं नाही.

दुपारी येऊन मी नुसती रांग बघत उभी राहिले. एका पाळण्यात दोघांची जागा. आमच्याकडे जत्रेला कोणी सुटं येत नाही, सगळा गोतावळा येतो. तिघं आली की दोघं एकात बसणार आणि तिसरा पुढच्या पाळण्यात, एकटाच! शेजारी परकं माणूस? छे, छे, मांडीला मांडी लागेल ना! म्हणजे रांग लांब का, तर माणसं फार म्हणून नव्हे. अर्ध्या जागा हवा खात फिरतात म्हणून.

पाळणेवाला घाटावरचा, सज्जन माणूस. त्याला म्हटलं, "दादा, दुसरी रांग लावा. एकट्यांची. जागा रिकामी राहिली की त्यातला पहिला बसवायचा." मग गावालाही कळावं म्हणून ओरडून सांगितलं, "शेजारी कोणही येईल! नको म्हणाल तर रांगेच्या शेवटी!" शाळेत लावते तोच आवाज लावला. आयेला त्या रांगेत उभं केलं.

थोडा वेळ गणित सोन्यासारखं चाललं. मग लोकांच्या लक्षात आलं, ही रांग पळते. झालं! अख्खा गाव एकटा झाला. नवरा-बायको मागे-पुढे उभे राहून एकमेकांना ओळखेनात. मंगळसूत्र घातलेली एक बाई शेजारच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणते, "ह्यो? ह्यो माझो घोव न्हय." तोही मेला मान हलवतोय! माझं कपाळ बडवायचं तेवढं राहिलं. वर्गात कॉपी करणारी पोरं परवडली. एकेकाला हुडकून परत मोठ्या रांगेत हाकललं, तेव्हा कुठे आये पहिली आली.

नेमकी तेव्हाच मोठ्या रांगेत काकी पुढे आली, मुलगा आणि सुनेबरोबर. तिघं! मुलगा-सून एका पाळण्यात बसली, पुढच्यात काकी. शेजारची जागा रिकामी.

काकी म्हणजे आयेची धाकटी जाऊ. दोन्ही घरांमधल्या गडग्यावरच्या फणसावरून दोघींचं बोलणं बंद, त्याला जमाना झाला. फणस तोडायचा कोणी यावरून भांडल्या, आणि आता दर वर्षी तो झाडावरच कुजतो. वाटेत काकी दिसली तर आये माडांतून वळसा घालून जाते.

पाळणेवाला म्हणाला, "चला आजी, बसा."

तेवढ्यात देवळाकडून ढोल सुरू झाला. आयेने पाळण्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चुलीत घाल तुजा गणित!" म्हणाली, आणि बसली. दोघींची तोंडं दोन दिशांना.

पाळणा चढला आणि शेवटच्या फेरीची माणसं भरायला नेमका त्या दोघी टोकावर असताना थांबला. वरून किंकाळी आली, काकीची. "वैनी, माका धर गो!"

"डोळे मीट! धरलंय तुका!" हा आयेचा आवाज. माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू.

खाली उतरल्या, पदर सारखे केले आणि ओटी भरायला देवळात गेल्या. मी मनात म्हटलं, चला, नवस फिटला.

पालखी गेली, पाळणा पुन्हा सुरू झाला. बघते तर मोठ्या रांगेत मध्यावर आये आणि काकी! मी धावत गेले. "आये, त्या रांगेत जा ना, एकट्यांच्या. लवकर नंबर लागेल."

"एकटी खंय आसंय?" आये माझ्यावरच डाफरली. "आंधळी झालंस काय? आमी दोघी आसंव."

"अगं, पण घरी पाव्हणे!"

"तेंका सांग, वाढून घेवा."

पुढची रांग सरकली तरी दोघी जागच्या हलेनात. तो फणस कापा की बरका, म्हणजे घट्ट गऱ्याचा की लिबलिबीत, यावर जोरात चाललं होतं. मागची पोरं ओरडायला लागली, तशी आये बाजूला सरली.

"तुमी जावा रे फुडे," म्हणाली. "आमका घाई नाय."