सगळ्याला ‘हो’ म्हणणारा घरमालक

पोलीस खात्यात असताना खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातल्या शोधमोहिमाही केल्या. पण कुणी जुन्या गोष्टी काढायला लावल्या की मला आधी आठवते ते दोन खोल्यांच्या भाड्याचे प्रकरण. त्यात रक्त नव्हते, हत्यार नव्हते. तरी त्याने मला जेवढे शिकवले तेवढे मोठ्या गुन्ह्यांनी शिकवले नाही. नावे मी कुणाचीच देणार नाही. सगळी माणसे आज आपापल्या जागी सुखाने आहेत.

मी तेव्हा गोंदिया शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. स्मार्टफोन नुकतेच घरोघरी पोहोचू लागले होते. एका सकाळी हजेरी उरकून आदल्या दिवसाची स्टेशन डायरी वाचत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने हसत हसत फोनचा रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडून एक वयस्क गृहस्थ ओरडत होते.

“साहब, मेरे घर पर कब्ज़ा हो रहा है! टेम्पो लेकर आए हैं! पलंग उतार रहे हैं!”

घराचा ताबा म्हटले की मारामारी व्हायला वेळ लागत नाही. दोन शिपाई आणि एक महिला शिपाई घेऊन मी लगेच निघालो. पाहतो तर फाटकात सत्तरीचे एक गृहस्थ दोन्ही हात पसरून उभे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मालगाडीसुद्धा त्यांनी अशीच अडवली असती. समोर टेम्पो, त्यात लोखंडी पलंग, शेगडी, तांदळाचे पोते. पोत्याला टेकून एक पन्नाशीची बाई बसलेली, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर. शेजारी तिची मुलगी, पंचविशीची, हातात मोबाइल, चेहरा उतरलेला.

“काय भानगड आहे?” मी विचारले.

आई म्हणाली, “साहेब, आमी चिचगडहून आलो. पोरगी नर्स आहे, सोमवारी तिले इथं हजर व्हायचं आहे. या घराचे पैसे भरले आमी, अन हे बुढे म्हणून रायले का घर देऊनच नाही रायलो.”

“मैंने किराये पर दिया ही नहीं!” गार्डसाहेब कडाडले.

मुलीने मोबाइल पुढे केला. जाहिरात होती एका भाड्याच्या घरांच्या संकेतस्थळावर. फोटोत तेच फाटक, तोच जिना, आतले स्वयंपाकघरही. मालक म्हणून जो बोलत होता तो सैन्यात, राजस्थानच्या सीमेवर. ओळखपत्राचा फोटोही त्याने पाठवला होता. आणखी तिघे विचारत आहेत, आज अनामत आणि दोन महिन्यांचे भाडे बँकेत भरले तर घर तुमचे, किल्ली शेजारी मिळेल, असे त्याने सांगितले होते. पैसे भरले त्या क्षणापासून त्याचा फोन बंद.

खरे सांगतो, माझा पहिला संशय गार्डसाहेबांवरच गेला. रस्त्यावरून फाटकाचा फोटो कुणीही काढेल, पण स्वयंपाकघराचा? मी आत गेलो. ओटा तोच, खिडकी तीच. फक्त फोटोतल्या भिंती हिरव्या होत्या आणि समोरच्या भिंती पिवळसर.

“हे कधी रंगवलं?”

“दो साल हो गए. पत्नी के जाने के बाद.” म्हातारबुवांचा आवाज एकदम खाली आला. घरात ते एकटेच राहत होते. वरच्या दोन खोल्यांना कुलूप होते.

म्हणजे फोटो दोन वर्षांपूर्वीचे, कदाचित त्याहूनही जुने. त्या काळात घरात कोण कोण आले, हे त्यांना काही आठवेना. शेजाऱ्यांनी मात्र एक कामाची गोष्ट सांगितली. चार दिवसांपूर्वी असेच एक जोडपे सामानासकट आले होते. गार्डसाहेबांनी त्यांना हाकलले, आणि ते खाली मान घालून निघून गेले. ठाण्यात कुणीच आले नव्हते.

चिचगडची बाई मात्र खाली मान घालणाऱ्यातली नव्हती. मुलगी हळूच म्हणाली, “आई, जाऊ दे. लोक हसतील.” त्यावर ती उसळलीच.

“कायले हसतील? चोरी त्यानं केली, अन तोंड आमी लपवावं? साहेब, लिहा आमची तक्रार.”

टेम्पोवाल्याला दुसरे भाडे होते. सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न आला. आतापर्यंत फाटक अडवून असलेले गार्डसाहेब बाजूला झाले आणि पुटपुटले, “बरामदे में रख दो. धूप में कहाँ जाओगे.” पलंगाचे एक टोक त्यांनी स्वतः धरले.

ठाण्यात मुलीची फिर्याद घेताना माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले. “शिकलेल्या आहात तुम्ही. घर न पाहता पैसे कसे भरले?”

 ती म्हणाली, “सर, तीन रविवार मी बस बदलून गोंदियाला आले. एका ठिकाणी खोली पसंत पडली, मग आडनाव विचारलं, अन म्हणाले खोली कालच गेली. दुसरीकडे रात्रपाळी चालत नव्हती. तिसरीकडे आई सोबत राहिलेली चालत नव्हती. हा माणूस म्हणाला, मॅडम, आमचं काहीच म्हणणं नाही, घर आपलंच समजा. मला इतकं बरं वाटलं, की पाहायला जायचं सुचलंच नाही.”

 मी खुर्ची पुढे ओढली आणि जबाब स्वतः लिहून घेतला. दोघी मायलेकी काही दिवसांसाठी एका मैत्रिणीकडे उतरल्या.

फसवणुकीचे चारशे वीस आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम लावून गुन्हा दाखल झाला. बँकेचे खाते दूरच्या राज्यातले निघाले, कागदपत्रे खोटी. फोनचे सिमही भलत्याच्या नावावर. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या सायबर शाखेला पत्र गेले. उत्तराला वेळ लागणार होता. माझे सहकारी म्हणू लागले, “सर, हा कुठल्या कुठे बसलेला माणूस. आपल्या हाती नाही लागायचा.”

आठवडाभराने तीच जाहिरात नव्या नंबरने पुन्हा झळकली. ती शोधली आमच्या महिला शिपायाने. ही मुलगी दवनीवाड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. नोकरी लागल्यावर गोंदियात खोलीसाठी तीही वणवण फिरली होती. म्हणाली, “सर, मी बोलते. भाडेकरू काय विचारतो ते मला पाठ आहे.”

वायरलेस सेटचा आवाज कमी केला, सगळ्यांना गप्प बसवले आणि तिने स्पीकर लावून फोन केला.

“भाऊ, खोल्या आहेत का अजून? मी दवनीवाड्याहून बोलून रायली.”

“हाँ मैडम, आपके लिए ही रखे हैं. मैं फौज में हूँ, बॉर्डर पर.”

“पानी येते का?”

“चौबीस घंटे.”

“मासोळी रांधली त चालते?”

“बिल्कुल.”

“सासरे आहेत, रातभर खोकलून रायतात.”

“बुज़ुर्ग तो घर की शोभा हैं, मैडम.”

तेवढ्यात उपविभागीय अधिकारी अचानक ठाण्यात शिरले आणि ठाणे अंमलदार सवयीने ओरडला, “जय हिंद, सर!” मी हातानेच त्याला गप्प केले. पोरगी मात्र डगमगली नाही. “टीव्हीचा आवाज कमी करा न जी!” असे ती कुणाला तरी दरडावून म्हणाली आणि पुन्हा फोनवर आली. “भाऊ, एक म्हैसही आहे आमची.”

 पलीकडून उत्तर आले, “पीछे जगह है. बाँध देना.”

हवालदाराने तोंडात रुमाल कोंबला. त्या घराच्या मागे हातभरही जागा नव्हती.

“मंग उद्या पाहाले येतो.”

“नहीं नहीं, आने की ज़रूरत नहीं. और उधर से आना भी मत, टंकी वाला रोड परसों ही खोदा है, गाड़ी नहीं घुसेगी.”

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. “सर, हा राजस्थानात नाही. इथंच आहे.”

तो रस्ता खरोखरच दोन दिवसांपूर्वी नळाच्या पाइपसाठी खोदला होता. आमचीच जीप तिथून परत फिरली होती. सीमेवरच्या जवानाला हे कुठून कळणार? पुढे सायबर शाखेकडून आलेल्या माहितीनेही तेच सांगितले: दोन्ही नंबर बाजाराच्या परिसरातच चालू होत होते.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला. सासऱ्यांचा बँकेवर विश्वास नाही, वर्षभराचे भाडे एकदम रोख देतो म्हणतात, घ्यायला कुणाला तरी पाठवा. त्याला लोभ सुटला. माझा चुलतभाऊ बस स्थानकाबाहेर दुपारी बारा वाजता येईल, असे तो म्हणाला.

आम्ही साध्या वेशात सापळा लावला. दोन पंच सोबत. महिला शिपाई साडी नेसून, पाकिटात वर्तमानपत्राची कात्रणे घेऊन उभी. गार्डसाहेबांना उसाच्या रसाच्या ठेल्यावर बसवले होते आणि बजावले होते, माणूस ओळखीचा वाटला तर फक्त खोका. बारा वाजून गेल्यावर एक जण स्कूटरवर आला. हेल्मेट काढायला तयार नाही.

“भाऊ, तोंड त दाखवा,” ती म्हणाली. “सासरे विचारतील, पैसे कोनाले देल्ले.”

त्याने हेल्मेट वर केले. गार्डसाहेब खोकायचे विसरले. रसाचा ग्लास हातात तसाच धरून ते धावत सुटले.

“अरे, तू! मेरी बीवी के हाथ के पोहे खाकर गया था!”

स्कूटर तिथेच आडवी झाली. पळायला त्याला दिशाही सुचली नाही, कारण एका बाजूला पोलीस होते आणि दुसऱ्या बाजूला गार्डसाहेब. मला वाटते, त्याने विचार करून आम्हाला पसंत केले.

आता सगळा उलगडा झाला. हा पूर्वी एका दलालाकडे घरे दाखवण्याचे काम करायचा. पत्नी आजारी पडण्याआधी गार्डसाहेबांनी वरच्या खोल्या भाड्याने द्यायचे मनात आणले होते, तेव्हा फोटो काढायला हाच आला होता आणि जाता जाता खालच्या स्वयंपाकघराचाही फोटो काढून गेला होता. पुढे तो विचार बारगळला आणि गार्डसाहेब ते विसरूनही गेले. दलालाने याला कामावरून काढले, पण गावातल्या कितीतरी घरांचे फोटो याच्याकडेच राहिले.

चौकशीत पहिला दिवस तो काहीच कबूल करेना. चौकशी करताना आवाज चढवणारा अधिकारी बहुधा स्वतःकडची माहितीच आरोपीला देऊन बसतो, हा माझा अनुभव. मी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि घरांबद्दल गप्पा मारत बसलो. कोणते घर लवकर जाते, कोणते रेंगाळते. या विषयात तो खुलला. शेवटी मी सहज विचारले, “इतकी शहाणी माणसे तुझ्यावर विश्वास कसा ठेवतात रे?”

तो म्हणाला, “साहेब, मी काही करत नव्हतो. घर शोधणाऱ्या माणसाला सगळीकडे ‘नाही’ ऐकावं लागते. मी फक्त ‘हो’ म्हणत होतो.”

हे वाक्य मी नंतर कित्येक ठिकाणी सांगितले आहे. तो काही फार हुशार माणूस नव्हता. समोरच्याला काय नाकारले गेले आहे, तेवढे त्याला कळायचे. त्याच्या घरातून जप्त झालेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने फिर्यादींना परत मिळाली. फिर्यादी, अनेकवचनी, कारण अटकेची बातमी फुटल्यावर ते आधीचे जोडपे आले, आणि आणखीही काही जण आले. लाजेपोटी ते घरी बसले होते. त्या दिवसापासून माझ्या ठाण्यात फसलेल्या माणसाला ‘तुम्ही असे कसे केले’ हा प्रश्न विचारायला मी बंदी घातली. पहिली बंदी मला स्वतःलाच होती.

पुरवणी जबाबासाठी मी गार्डसाहेबांच्या घरी गेलो तेव्हा वरच्या खोल्यांची कुलपे उघडलेली होती. आपल्या तांदळाच्या पोत्यावर नजर ठेवायला चिचगडची बाई रोज येत होती, आणि रोजच्या भांडणातून दोघांची चांगली ओळख झाली होती. मुलगी रुग्णालयात रुजू झालेली, गणवेशातच आली होती. गार्डसाहेब जिन्यावर उभे राहून अटी वाचून दाखवत होते. पानी सुबह एक घंटा. छत पर पापड़ नहीं. सामने की बालकनी में कपड़े नहीं. रात की ड्यूटी से आओ तो फाटक धीरे से बंद करना. मेरी पुरानी साइकिल को हाथ नहीं लगाना.

मुलगी हसून मला म्हणाली, “सर, हे घरमालक खरे आहेत. किती नाही-नाही म्हणतात बघा.”

आई तेवढ्यावर थांबली नाही. तिने मोरीचा नळ सोडून पाहिला, खिडक्यांचे कडीकोयंडे ओढून पाहिले, शेजारणीला हाक मारून ‘हे बुढे कसे आहेत जी?’ असे त्यांच्यादेखतच विचारले, आणि शेवटी त्यांच्यापुढे हात पसरला.

“लाइटचं बिल दाखवा. नाव पाहू द्या.”

“अरे, पुलिस के सामने मुझ पर शक?”

“शक नाही, दादा. पाहून घेऊन रायली.”

गार्डसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ते धुसफुसत खाली गेले आणि गेल्या पाच वर्षांच्या सगळ्या बिलांचा दोरीने बांधलेला गठ्ठा वर घेऊन आले. बाईने पायरीवर बसकण मारली, मुलीला शेजारी बसवले आणि पहिल्या बिलापासून वाचायला सुरुवात केली.