सिन्नरची गाडी

एक काळ असा होता की मी दत्तगुरूंच्या तसबिरीपुढे रोज दिवा लावायची, पण हात जोडायची नाही. दिवा सासूबाईंनी लावून दिलेल्या सवयीचा होता, ती मोडवली नाही. हात माझे होते, आणि मी रागावलेली होते. ह्यांना विसरण्याचा आजार झाला तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावलं होतं. मुक्ताने, आमच्या मुलीने, बंगळुरूहून फोनवर पुन्हा समजावलं. देवाने मात्र काहीच समजावलं नाही, म्हणून मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

हे बँकेच्या नोकरीत बदली होऊन कलकत्त्याला आले त्याला आता चाळीस वर्षं होतील. तीन वर्षांसाठी आलो होतो, राहूनच गेलो. निवृत्तीनंतर बराकपूरला नदीपासून जवळ लहानसा फ्लॅट घेतला. ह्यांची बंगाली इतकी सफाईदार होती की गल्लीतले लोक आपापली भांडणं सोडवायला ह्यांना बोलवत. आजाराने आधी ती बंगाली नेली. मग इंग्रजी गेली, हिंदी गेली. उरली फक्त मराठी, तीही ह्यांच्या लहानपणची, सिन्नरची. सबंध गल्लीत ह्यांचं बोलणं कळणारी मी एकटी राहिले. दिवसातून वीसदा विचारायचे, "सिन्नरची गाडी कुठं लागते?" आणि मी वीसदा सांगायची, "अहो, आपण बराकपूरला आहोत. सिन्नरला आता आपलं कोणी नाही." ऐकलं की त्यांचा चेहरा पडायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

मागच्या वर्षी मे महिन्यात घाम आणि दमटपणा जिवावर आला, तेव्हा माझ्या मनाने उचल खाल्ली की ह्यांना घेऊन डोंगरात जावं. मुक्ता लहान असताना आम्ही दर उन्हाळ्यात जायचो. सियालदा स्टेशनातून गाडी, मग जीप, कधी कर्सियांग, कधी कालिम्पोंग. आमचं जाणं घाईचं नसायचं. हे म्हणायचे, डोंगर बघायला नाही, डोंगरात बसायला जायचं. एकेका गावात आठ-आठ दिवस राहायचो. सकाळी धुपीच्या, देवदारासारख्या उंच झाडांतून फिरायला जायचं, मुक्ताने झाडाखालची बोंडं वेचून ह्यांच्या कोटाचे खिसे भरायचे. दुपारी कुठल्यातरी रोपवाटिकेत कॅक्टसच्या रांगा बघत हिंडायचं. तिथल्या माळ्यांशी हे तासन्‌तास बोलत, एकही रोप विकत न घेता, आणि तरी ते ह्यांना चहा पाजत. संध्याकाळी धुकं खाली उतरलं की आलूदम खात बाजारातून सावकाश परत. त्या दिवसांत मी कधी देवाकडे काही मागितल्याचं आठवत नाही. मागायचं सुचतच नसे.

मुक्ता फोनवर म्हणाली, "आई, तुला एकटीला झेपणार नाही." मी म्हटलं, "झेपेल." खरं तर ह्यांच्यापेक्षा मलाच जायचं होतं.

कर्सियांगचे चार दिवस फार छान गेले. हे वाट चढताना माझा हात धरत, फुलाकडे बघून थांबत. एकदा स्वतःहून म्हणाले, "हवा चांगली आहे." कालिम्पोंगला आलो आणि काहीतरी बिनसलं. खोली नवी, पलंग नवा. सकाळी उठल्यापासून सिन्नरची गाडी सुरू झाली. नाश्त्याच्या वेळी तेच, आंघोळीच्या वेळी तेच. त्या दिवशी हाट होता, आठवड्याचा बाजार. बाजारात मन रमेल म्हणून मी ह्यांना घेऊन खाली उतरले. लाल गोल मिरच्यांचे ढीग, सुतळीत ओवलेले छुर्पी चीजचे कडक तुकडे, केळीच्या पानांत बांधलेल्या भाज्या, सगळं पूर्वीसारखंच होतं. ह्यांचा प्रश्नही थांबत नव्हता.

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. एका लोकरीच्या दुकानाबाहेर बाक होता. ह्यांना तिथे बसवून मी म्हटलं, "पाच मिनिटं बसा, मी आलेच." मला लोकर घ्यायची नव्हती. मला फक्त कोणी काही विचारणार नाही अशा जागी उभं राहायचं होतं. मी आत जाऊन लोकरीचे रंग बघत राहिले, गुंड्यांवरून हात फिरवत राहिले. पाचाची वीस मिनिटं झाली असावीत. बाहेर आले तर बाक रिकामा होता.

आणि त्या रिकाम्या बाकाकडे बघताना पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं. हे मी अजून मुक्तालाही सांगितलेलं नाही.

मग मी धावत सुटले. मी वरच्या गल्लीत गेले, खालच्या गल्लीत गेले, कापडवाल्यांना विचारलं, जीपच्या थांब्यावर विचारलं. ह्यांच्या स्वेटरच्या खिशात मी फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, पण ती हे नेहमी काढून टाकत. चौकातल्या पोलिसाला मोबाईलमधला फोटो दाखवला. तो भला माणूस होता. त्याने फोटो पुढे पाठवला आणि विचारलं, "काय बोलतात ते? हिंदी? बंगाली?" मी म्हटलं, "मराठी. फक्त मराठी." त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फोन कानाला लावला. धुकं उतरायला लागलं होतं. बाजाराच्या कडेने रस्ता सरळ खाली दरीकडे वळत होता.

तासाभराने मी दगडी पायऱ्यांवर बसले. चालवेना. इतक्या दिवसांत मी देवाशी बोलले नव्हते, त्यामुळे कसं बोलायचं तेही आठवेना. नवस सुचला नाही, स्तोत्र सुचलं नाही. मी मनात एवढंच म्हटलं, "मला नाही जमलं. मी थकले. ते तुझे आहेत, तू बघ." आणि हात जोडले की नुसते मांडीवर ठेवले, तेही सांगता येणार नाही.

किती वेळ बसले होते माहीत नाही. नेपाळी बोलण्याचा कलकलाट चालला होता, आणि त्यातून एका बाईचा आवाज आला. "साली टोपलीत टाका, बाबा. त्या गाईला जातात. दाणे ह्या पातेल्यात."

मला वाटलं, आपल्या डोक्यावर परिणाम झाला. तो आवाज पुन्हा आला. "हां, असं. हळू हळू, घाई नाही."

पायऱ्यांच्या पलीकडे, भाजीच्या रांगेच्या अगदी टोकाला, मटारांच्या ढिगामागे हे मांडी घालून बसले होते. खांद्यावर कोणाची तरी शाल होती. पुढ्यात पातेलं, आणि हे एकेक शेंग मन लावून सोलत होते. शेजारी साठीची एक नेपाळी बाई बसली होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही ह्यांच्या बाई ना? बसा ताई. चांगले आहेत ते. चहा पण पिले."

मी मटकन खाली बसले. हे मान वर करून म्हणाले, "झालं का तुझं?" मग त्या बाईकडे बोट दाखवून, "ह्या बाई आपल्याकडच्या आहेत."

तिचं नाव पवित्रा. नवरा फौजेत होता आणि अकरा वर्षं देवळालीला होता. तिची मुलगी तिथेच जन्मली. शेजारच्या भाजीवालीच्या संगतीने ती मराठी शिकली. "इथं आल्यापासून कोणाशी बोलले नाही," ती म्हणाली. "वाटलं, गेली असेल. हे सगळ्यांना विचारत चालले होते, सिन्नरची गाडी कुठं लागते. लोक म्हणत, म्हातारा काय बोलतो. मला कळलं ना. सिन्नरला तर मी कितीदा गेलेली."

"मग तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं, गाडीला वेळ आहे, बाबा. बसा. तोवर मला मटार सोलून द्या."

इतकं साधं होतं ते. मी दोन वर्षं त्यांना खरं काय ते सांगत होते आणि रोज वीसदा त्यांचं घर त्यांच्यापासून हिरावून घेत होते.

नंतर बोलता बोलता कळलं की एरवी बाजारात तिची सून बसते. त्या दिवशी सुनेला ताप होता म्हणून ती आली होती. तिने हे सहज सांगितलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. मी पोलिसाला फोन केला, मग ह्यांच्या शेजारी बसून मीही शेंगा सोलायला घेतल्या. ढीग संपेपर्यंत आम्ही तिथेच होतो. पवित्रा देवळालीच्या गोष्टी सांगत होती आणि हे "हो, हो" म्हणत ऐकत होते. त्यांचा चेहरा इतका निवांत मी फार दिवसांनी बघत होते.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर मी देवापुढे काहीच लपवलं नाही. रिकाम्या बाकाजवळचा तो एक क्षणसुद्धा सांगितला. तसबीर बराकपूरला होती, मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. रागावणार तर नाही ना, असंही विचारलं नाही. ज्याने मी हात सोडल्यावर दुसरा हात पुढे केला, त्याला ते आधीच माहीत असणार.

ह्या उन्हाळ्यात आम्ही डोंगरात गेलो नाही. ह्यांना आता जिना उतरवत नाही. आजार बरा झाला नाही, आणि तो होणारही नाही. पण मी एकटी त्यांना धरून ठेवलं आहे हा माझा हट्ट गेला. खालच्या मजल्यावरच्या बौदी, म्हणजे वहिनी, दुपारी येऊन त्यांच्याजवळ बसतात, बंगालीत बोलतात, हे मराठीत उत्तरं देतात, दोघांचं छान चालतं. पवित्रा अधूनमधून फोन करते. मी रोज हात जोडते. मागणं असं काही नसतं. आजचा दिवस तुझा, एवढंच म्हणते.

मागच्या आठवड्यात हे गॅलरीतल्या बाकावर बसले होते. मी चहा घेऊन गेले, तर परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी आदराने बघितलं. "तुमचं गाव कोणतं?" म्हणाले.

चहाचा कप मी त्यांच्या हातात दिला. मी म्हटलं, "तुमच्या गावाजवळचंच."

"मग उभ्या का?" म्हणाले. "बसा ना." आणि सरकून त्यांनी मला जागा करून दिली.