बाबांच्या फुल्या

एकशे ब्याऐंशी. वर्षभर हा आकडा माझ्या मानगुटीवर बसला होता. नोकरी सिंगापूरची, पण बाबांना अर्धांगवायू झाला आणि कंपनीने अधूनमधून पुण्यातून काम करायची परवानगी दिली. मेख बाबांनीच सांगितली. एप्रिल ते मार्चमध्ये भारतात एकशे ब्याऐंशी दिवस भरले, की सिंगापूरच्या पगारावरही भारतात कर. बाबा आयकर खात्यातून निवृत्त झालेले. उतरल्याचा दिवसही धरायचा आणि निघाल्याचाही, हे त्यांनी मला दहादा बजावलं, मी जणू कुक्कुलं बाळ!

हिशेबही त्यांनीच ठेवला. थरथरत्या डाव्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली. मी मीटिंगमध्ये असले तरी अर्धं लक्ष त्या फुल्यांकडे. जीव कुठेच लागायचा नाही. सिंगापूरला हौगांगच्या फ्लॅटमध्ये असले की वाटायचं, बाबा पडले असतील. पुण्यात असले की वाटायचं, संपले दिवस. अजून राहू का विचारलं, तर म्हणायचे, नियम म्हणजे नियम, जा. एकदाही राहा म्हणाले नाहीत. असा राग यायचा! माणूस आहे की फाईल?

फेब्रुवारीत तिसरी खेप संपवून पुण्याहून निघाले तेव्हा त्यांनी एकूण एकशे अठ्ठ्याहत्तर दिवस सांगितले. मी कॅलेंडरचे फोटो काढून घेतले आणि विमानात बसले.

मार्चमध्ये पुण्याच्या सीएंनी तारखा मागितल्या. सिंगापूरला पाया लेबारच्या ऑफिसात, जेवायला खाली न जाता, मी पासपोर्टवरचे शिक्के बघून दिवस मोजले. एकशे चौऱ्याऐंशी. परत मोजले. तेवढेच. मग कॅलेंडरचे फोटो उघडून ताडून पाहिलं. तिन्ही खेपांचे उतरल्याचे आणि निघाल्याचे दिवस कोरे होते. सहाच्या सहा.

तशीच जिन्यात गेले आणि बाबांना फोन लावला. मी खूप तणतणले. मला दहादा शिकवून तुम्हीच कसे चुकलात, आता कर बसणार, असं काय काय बोलले.

"चुकलो नाही," जड जिभेने ते म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर तू आधीच निघून गेली असतीस."

मी पायरीवर बसून रडले.

"कर मात्र भर. नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "एप्रिलला नवं वर्ष लागतं. कधी येतेस?"