सरळ गुड्यांचा पाडवा

सौदामिनीबाईंचं माहेर चाकूरचं, आणि नोकरी सगळी देगलूरच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावातल्या शाळेत. विषय भूगोल. पोरं त्यांना वचकून असत, कारण नकाशात कुणी गोदावरी उलटी वाहवली की बाई खडू फेकून मारत आणि त्यांचा नेम चुकत नसे. पण राग दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकला, असं कधी झालं नाही.

अशा बाईंना एकदा भर पालकसभेत व्यंकटनं गप्प केलं. व्यंकट शाळेमागच्या गल्लीतला शेतकरी. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आवरायला त्याची आईच लागे. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंत ६३७१ किलोमीटर अंतर आहे, हे त्यानं लेकीच्या पुस्तकात वाचलं आणि तो तिथंच अडून बसला.

“बाई, म्या बोर घेतला तं सातशे फुटाला नुसती धूळ निघाली. हे सहा हजार किलोमीटर कोण खंदून बगितलं?”

सभा हसली. बाई म्हणाल्या, “पुस्तकात आहे.”

“पुस्तकात तं हायच की. तुमाला कसं कळलं, ते सांगा.”

इतक्या पोरांकडून त्यांनी तो आकडा घोकून घेतला होता, आणि तो आला कुठून हे कधी स्वतःला विचारलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी स्वतःवरच तोंडसुख घेतलं. मग पुस्तकं धुंडाळली, रीत समजून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत जाऊन व्यंकटला बजावलं, “खणायचं काही काम नाही. मी वरूनच मोजून दाखवते. निवृत्त व्हायच्या आत दाखवते.”

रीत तशी साधी. दोन गावं घ्यायची, एक दक्षिणेला, एक थेट उत्तरेला. दोन्हीकडे एकाच दिवशी काठी उभी करायची आणि तिची उंची व भर दुपारची सगळ्यांत आखूड सावली मोजायची. जमीन गोल, म्हणून उत्तरेकडची सावली जरा लांब पडते. हा फरक कोनात मांडायचा. एवढ्या अंतराला एवढा कोन, तर पूर्ण वळशाला किती अंतर, असं त्रैराशिक केलं की पृथ्वीचा घेर निघतो, आणि घेरावरून केंद्र किती खोल ते कळतं. बाईंचा धाकटा भाऊ मार्तंड हदगावला बँकेत होता. नकाशावर पट्टी ठेवली तर हदगाव देगलूरच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला. राहिली काठी. ती तर पाडव्याला घरोघर उभी असते, वर तांब्या घालून!

बाईंना आपल्याच हुशारीचं फार कौतुक वाटलं. पाडव्याला त्यांनी इकडे आपल्या गुडीची सावली मोजली, मार्तंडनं तिकडे त्याच्या. संध्याकाळी गल्ली जमली. बाईंनी गणित मांडलं आणि पृथ्वीचं केंद्र दीड हजार किलोमीटरवर निघालं. म्हणजे पृथ्वी चंद्राहूनही लहान!

“बाई, मग समदे मावतो कसे हिच्यावर?” व्यंकटनं विचारलं. पुढं वर्षभर गावात काही आखूड निघालं, कापड असो की भाकरी, की लोक म्हणत, बाईंच्या मापाचं आहे. बाई वरून हसायच्या. आतून जळफळाट व्हायचा. येत्या मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, म्हणजे हातात एकच पाडवा उरला होता.

चूक कळली ती मार्तंडनं पाठवलेल्या फोटोमुळे. फेटा बांधून तो ऐटीत गुडीशेजारी उभा होता. फोटो बाईंनी शंभरदा पाहिला असेल, पण दर वेळी भावाकडेच बघितलं. त्या दिवशी नजर गुडीवर गेली. मागची दाराची चौकट सरळ आणि गुडी रस्त्याकडे चांगली झुकलेली. बाईंनी कपाळावर हात मारला. आपली गुडी तरी कुठं ताठ होती? गुडी तिरकीच बांधायची, हे हाताला इतकं अंगवळणी पडलेलं की भूगोलाच्या बाईंनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

आता गुड्या सरळ करायला हव्यात, आणि एक नाही, गल्लीतल्या पाच-सहा तरी, म्हणजे सरासरी धरता येईल. पण गल्लीत शब्द चालायचा केवळाबाईंचा. केवळाबाई म्हणजे व्यंकटची आई.

“न्हाई जमायचं,” म्हातारी म्हणाली. “गुडी ताठ उभी ऱ्हायली तं दारात आलेल्याला मान कोन देईल?”

बाईंना राग आला, पण त्यांनी तो गिळला. त्या ओसरीवर म्हातारीच्या शेजारी बसल्या आणि खरं ते बोलल्या. “मला हसतात, त्याचं काही नाही. पण मी इतकी वर्षं न तपासता शिकवलं, हे मला खातंय. हा माझा शेवटचा पाडवा आहे, केवळाबाई.”

म्हातारीनं सुपारी कातरून बाईंच्या हातावर ठेवली. मग म्हणाली, “निवद दाखवूस्तोर गुडी वाकडीच ऱ्हाईल. त्याच्या मागून तुमी काय बी करा.”

पण नैवेद्य म्हणजे दुपार, आणि सावली तर दुपारचीच हवी होती. तेव्हा केवळाबाईंनीच गल्लीला फर्मान सोडलं, पुरण पहाटे शिजलं पाहिजे. पाडव्याला उजाडायच्या आत घराघरातून डाळीचा वास सुटला. दहाच्या आत नैवेद्य झाले. गवंडी रेवणप्पानं पाणसळ लावून अंगणं सपाट आहेत का ते तपासलं. वाळू भरलेले तेलाचे डबे आले, त्यांत गुड्या रोवल्या, आणि ओळंबा धरून त्यानं एकेक गुडी ताठ केली. तिकडे हदगावात मार्तंडनं आपली कॉलनी अशीच वेठीला धरली होती.

बारा वाजल्यापासून बाया-माणसं तांब्याच्या सावलीवर डोळे लावून बसली. फरशीवर खडूच्या खुणा पडत गेल्या. सावली आखूड होत होत थबकली आणि मग लांबायला लागली. “वळली, वळली!” असा गल्लीभर ओरडा झाला. सगळ्यांत आखूड खुणा मोजल्या. तेवढ्यात मार्तंडचा फोन आला, “ताई, लिहून घे.”

फळा मारुतीच्या पारावर आणला होता. बाईंचा खडू दोनदा मोडला. कोन निघाला, घेर निघाला, शेवटचा भागाकार झाला. बाईंनी आकडा लिहिला, ६२२०. आणि त्या मागे सरकल्या.

व्यंकटनं स्वतः वजाबाकी केली. “दीडशेच कमी!” तो ओरडला. “पुस्तकातल्यापेक्षा फक्त दीडशे कमी!” मग जो गलका झाला, त्यात बाईंना आपलं रडणं ऐकूच आलं नाही. आनंदानंच रडत होत्या त्या, आणि लपवतही नव्हत्या. केवळाबाईंनी आपल्या गुडीची साखरगाठी काढली. ती एरवी घरातल्या पोरांना मिळते. म्हातारीनं ती बाईंच्या गळ्यात घातली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

व्यंकट तोवर फोनवर जळकोटच्या मेव्हण्याशी बोलत होता. “हाव, पाव्हणं, आमच्या गल्लीनं मोजली! लई न्हाई, जराशी कमी आली. तुमच्याकडं बी सरळ गुड्या लावा पुढच्या पाडव्याला. बाईला घेऊन येतो मी. येता न्हवं बाई?”

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, “येते. पण पुरण पहाटे शिजवायला सांग.”