पान तीनशे अकरा

“ती? ती वाचत नाही हो, नुसती मुखपृष्ठं बघते.”

मासिकांच्या घोडीमागे मी हातभर अंतरावर उभी होते. बोलणारा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मी ऐकतेय हे त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. माहीत असतं तरी तो गप्प बसला नसता. पनवेलच्या बाजारपेठेतल्या त्या लायब्ररीत दर शनिवारी संध्याकाळी तो आणि एक निवृत्त मास्तर, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत, मालकांच्या टेबलासमोरच्या बाकावर ठाण मांडून बसत. मालकांना आम्ही काका म्हणायचो. बाकावर विषय एकच असे, एका जाडजूड इंग्रजी फँटसी मालिकेतलं भाकीत.

ही मालिका काकांना न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून मिळायची. पनवेलच्या दुकानांत ती नव्हती. पुढचा भाग कधी येईल, येईल तरी का, ते कंटेनरच्या मर्जीवर. दुसऱ्या भागाच्या मध्यावर एक आंधळी म्हातारी मरताना म्हणते, ‘रिकाम्या हातांनी येणारा दार उघडेल. दोन नद्यांचं रक्त ज्याच्या अंगात, तो ते बंद करील.’ बस्स. एवढ्या दोन वाक्यांवर या दोघांनी दोन पावसाळे काढले.

“लॉजिकली बघा ना सर,” इंजिनिअर म्हणायचा, “राजपुत्राची आई दक्षिणेकडची, बाप उत्तरेचा. झाल्या दोन नद्या. तलवार मोडली, हात रिकामे. दोघं एकच! मी लिहून देतो.”

“लिहून काय देतोस? त्याच्या अष्टमात राहू आहे. तो दारापर्यंत पोचत नाही.”

सरांनी खरोखरच राजपुत्राची कुंडली मांडली होती. त्याचा जन्म बर्फाच्या रात्री, आकाशात तीन चंद्र असताना झाला, असं पहिल्या भागात आहे. “आपण एक चंद्र धरू, बाकीचे दोन सोडून देऊ,” असं त्यांनी ठरवलं आणि पुढे गेले. इंजिनिअर त्यांना हसायचा, पण स्वतः काय करायचा? राजपुत्र तिसऱ्या भागात बुडाला तेव्हा इंजिनिअरची सगळी थिअरी त्याच्यासोबत बुडाली. पुढच्या शनिवारी तो नवी घेऊन हजर. “दार म्हणजे दार नाहीच मुळी. दार म्हणजे मन.” लेखकाने त्या दाराच्या गंजलेल्या बिजागऱ्यांवर दीड पान खर्च केलं होतं. मनाला बिजागऱ्या असतात का, हे विचारावंसं फार वाटलं. मी मासिक चाळत राहिले.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, नन्सच्या शाळेतलं. ही पुस्तकं मी दोघांच्या आधी वाचून परत करायचे. पण चारचौघांत तोंड उघडणं मला जमत नसे. त्याचा अर्थ त्यांनी आपल्याला सोयीचा लावला होता. मीही तो खोडला नाही. मूर्ख माणसांचं बोलणं गप्प बसून ऐकण्यात एक सुख असतं, आणि ते मला तिथे आठवड्याला एकदा मिळत होतं.

शिवाय त्यांना न दिसलेली एक गोष्ट मला दिसली होती. काका जाड पुस्तकं मधोमध फोडायचे. एकाची दोन केली की वाचकाला दोनदा यावं लागतं. दोन्ही अर्ध्यांना पुठ्ठे लावायचे, पाठीला रेक्झिनची पट्टी, आणि मैद्याची खळ सढळ हाताने. अस्तराला वेगळा कागद घ्यायचा ते त्यांच्या जिवावर येई. म्हणून पहिल्या अर्ध्याचं शेवटचं पानच ते मागच्या बाजूने सरळ पुठ्ठ्याला चिकटवत. दुसऱ्या भागाचा पहिला अर्धा भाकिताच्या पानावर संपतो, ते पान तीनशे अकरा. दुसरा अर्धा नव्या प्रकरणाने सुरू होतो, ते पान तीनशे तेरा.

एवढंच. आकडे वाचता येणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. सरांनी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं होतं.

त्या शनिवारी चौथा भाग आला होता. काकांच्या टेबलावर तो अजून अख्खा होता, शेजारी कटर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नंबर लावलेले असत आणि पहिला नंबर माझा होता. पुढच्या शुक्रवारी मी नोकरीसाठी बडोद्याला जाणार होते. आत्ता मिळालं नाही तर हे पुस्तक मला पुन्हा कुठे दिसणार नव्हतं.

“काका, आधी आम्हाला द्या,” इंजिनिअर म्हणाला. “आमचं डिस्कशन चाललंय. ती नेऊन काय करणार?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “तू थांबशील ना गं बाळ? आज फोडतो, उद्या यांना पहिला अर्धा देतो. तू काय, शहाणी मुलगी. तुला कसली घाई?”

मी बडोद्याचं सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. काकांनी तोच होकार धरला आणि कटर उचललं.

“थांबा हो,” सर हसत म्हणाले. “अन्याय नको. तिलाही विचारू. सांग पोरी, दार बंद करणारा कोण? बरोबर सांगितलंस तर पुस्तक तुझं.”

“सर, तिला कशाला त्रास,” इंजिनिअर म्हणाला. “तिला प्रश्न तरी कळलाय का?”

बाकावर दुसऱ्या भागाचा पहिला अर्धा पडला होता, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. मी तो उचलला, शेवटचं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. या वेळी आवाज फुटला.

“तीनशे बारावं पान या पुठ्ठ्याला चिकटलंय. दोन वर्षं तुम्ही अर्ध्या भाकितावर भांडताय. काका, कटर खाली ठेवा. पहिला नंबर माझा आहे, आणि मी हे पुस्तक अख्खं नेणार आहे.”